काढून ठेवलेला भाग

गुरुवारी सकाळी, कारखान्याचा भोंगा झाल्यावर, माझ्या नवऱ्याने मोरीत रक्ताची उलटी केली. मग आणखी एक केली. शेजाऱ्यांनी रुग्णवाहिका बोलावली. दुपारी डॉक्टरांनी मला खोलीबाहेर बोलावलं आणि तो गेल्याचं सांगितलं.

हे लिहायला मला फार वेळ लागला. चार वाक्यं आहेत. त्यांच्या आधीचे एक्केचाळीस दिवस लिहायला त्याहून जास्त लागला.

आम्ही दोघं चेन्नईजवळच्या आवडी गावात, रणगाड्यांच्या कारखान्यात नोकरीला होतो. तो तपासणी विभागात, मी रशियन भाषेची दुभाषी. पुण्यात रशियन शिकले तेव्हा वाटलं होतं की जाड कादंबऱ्या वाचत म्हातारी होईन. आयुष्य गेलं गिअरबॉक्सच्या रशियन पुस्तिका माझ्या मराठी वळणाच्या इंग्रजीत आणण्यात. भेट झाली तीही एका बेअरिंगवरून. रशियन तंत्रज्ञ म्हणत होता भाग ठीक आहे, हा म्हणत होता नाही, आणि दोघांच्या मध्ये उभी राहून मी दोघांचा राग एकमेकांना नीट पोचवत होते. नंतर याने मला विचारलं, "माझ्या बोलण्यातला एक शब्द तू गाळलास. कुठला?" मी म्हटलं, "तो पुस्तिकेत नसतो." पुढे लग्न झालं. आवडीच्या सरकारी क्वार्टर्समध्ये बावीस वर्षं राहिलो. मूल झालं नाही.

तरुणपणी एका अपघातात त्याला रक्त चढवलं होतं. त्या रक्तातून हेपटायटिस सी आला. तो आजार बरीच वर्षं लपून राहिला आणि कळलं तेव्हा यकृत घट्ट होऊ लागलेलं होतं. दोन हजार साल उलटून गेलं होतं. त्या काळी त्यावर इंजेक्शनांचा एक कोर्स होता. त्याने तापाने थरथरत पाच महिने घेतला, मग रक्तातल्या पेशी इतक्या उतरल्या की डॉक्टरांनीच थांबवला.

हे डॉक्टर चेन्नईत मैलापूरला होते. आवडीहून लोकलने सेंट्रल, तिथून चालत पार्क टाउन आणि मग खांबांवरच्या रुळांवरची गाडी, असे आम्ही दर तीन महिन्यांनी जायचो. पहिल्या भेटीत आम्ही आपसात बोललो ते ऐकून डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले.

"तुम्ही पुण्याकडचे न? आम्हीही मराठीच. तंजावरचे. माझं मराठी ऐकून हसायचं नाही हं."

त्यांच्या मराठीला तमिळ हेल होता आणि आमच्या पणजीच्या तोंडचे शब्द होते. त्यांनी कागदावर यकृत काढलं आणि समजावलं. यकृत घट्ट झालं की त्यातून जाणारं रक्त अडतं, मागे साचतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. एखादी फुटली तर फार रक्त जातं. म्हणून ही गोळी. नाडी थोडी हळू करते, दाब उतरवते. सकाळी एक, संध्याकाळी एक.

"म्हणजे प्रेशर कमी ठेवायचं," नवरा म्हणाला.

"बरोब्बर. तुम्ही इंजिनियर, तुम्हाला एका वाक्यात कळलं. इथे प्रोफेसर येतात, त्यांना अर्धा तास लागतो."

गोळीने दोन वर्षं आपलं काम केलं. पण ती त्याला थकवायची. हात गार पडायचे. आवडी स्टेशनच्या पुलावर तो मध्ये थांबून जाहिराती वाचत असल्याचं नाटक करायचा. घरी आल्यावर बूट न काढता बसून राहायचा. मी बूट काढायला वाकले की म्हणायचा, "राहू दे, मी काय नवरदेव आहे?" आजाराला आम्ही दोघंही कंटाळलो होतो आणि हे एकमेकांना सांगत नव्हतो.

त्या सुमारास कारखान्यात दुसरा एक रशियन तंत्रज्ञ होता. आडदांड, पन्नाशीचा, उन्हाने कायम लाल झालेला. नवऱ्याशी त्याचं रोज भांडण आणि त्यामुळेच मैत्री. सुट्टीवरून परत आला तेव्हा तो आमच्या घरी आला आणि जेवणाच्या टेबलावर त्याने तीन खोकी मांडली.

"याला सांग," तो मला म्हणाला, "माझी आई वर्षातून दोनदा घेते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि बर्फ स्वतः उपसते."

मी सांगितलं.

"त्याला विचार, आईला हेपटायटिस आहे का?"

मी विचारलं. रशियन हसला. "नाही. पण तिला माझे वडील होते, ते काही कमी नव्हतं."

खोक्यांत कॅप्सूल होत्या. पेप्टाइड बायोरेग्युलेटर हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा रशियनमध्ये वाचला. पत्रकातलं म्हणणं साधं होतं. प्रथिनांचे अगदी लहान तुकडे म्हणजे पेप्टाइड. ज्या अवयवातून ते काढले, त्याच अवयवाला ते माणसाच्या शरीरात जाऊन पुन्हा शिस्तीत काम करायला सांगतात. एक खोकं थायमस ग्रंथीचं, म्हणजे प्रतिकारशक्तीसाठी. दुसरं यकृताचं. तिसरंही यकृतासाठीच, पण प्रयोगशाळेत जोडलेलं, कुठल्याही अवयवातून न काढलेलं.

रशियन गेल्यावर नवरा म्हणाला, "तक्ता कर."

सरकारी नोकरीत राहिलेल्या माणसाला हे कळेल. आमच्याकडे साधा पंखा घ्यायचा तरी तीन निविदा आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता लागतो. खाली शिफारस आणि दोन सह्या, तयार करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. ही सवय घरात आली होती. आमचा मिक्सर तक्ता करून घेतलेला होता, आणि तक्त्यात पहिला आलेला असूनही तो वर्षभरात जळला, यावर बरीच वर्षं विनोद चालले.

रविवारी सकाळी टेबलावर फूलस्केप कागद घेऊन बसलो. मी पत्रकं वाचून सांगायची आणि लिहायची, तो बघायचा.

"कशापासून?" त्याने विचारलं.

"पहिलं आणि दुसरं प्राणिज."

"कुठला प्राणी?"

मी थांबले. "वासरू."

तो खोक्याकडे बघत म्हणाला, "आईला सांगू नको."

"त्या साताऱ्याला आहेत. त्यांना कोण सांगणार?"

"तरी. आणि तिसरं शाकाहारी, असं शेऱ्यात लिही. म्हणजे माझ्याकडून विचार झाला, एवढं तरी नोंदलं जाईल."

मात्रा लिहिली, सकाळ-संध्याकाळ एकेक, जेवणाआधी. कालावधी लिहिला, तीस दिवस. सोबतची औषधं या रकान्यात तिन्ही पत्रकांत एकच होतं, इतर उपचारांबरोबर घेता येतं. ते मी जसंच्या तसं उतरवलं. आता त्या ओळीकडे मी पुष्कळदा बघते. माझं भाषांतर बरोबर आहे.

शेवटचा रकाना पुराव्याचा. मी वाचलं, "रुग्णांमध्ये सुधारणा दिसून आली."

"किती रुग्णांमध्ये?"

"लिहिलेलं नाही."

"कुणाला दिसून आली?"

"तेही नाही."

"कशाशी तुलना करून?"

"अरे, हे बनवणाऱ्याचं पत्रक आहे. मी लिहिलेलं नाही."

"मग कोरा ठेव."

तिन्ही खोक्यांपुढे तो रकाना कोरा राहिला. मी पेन खाली ठेवलं. "ही निविदा तुझ्याकडे आली असती तर तू पहिल्याच दिवशी परत पाठवली असतीस."

"पहिल्याच तासात," तो म्हणाला. मग त्याने खोकी उगाच एका रेषेत लावली. "पण दुसरी निविदा आलेलीच नाही गं."

मी कामाचं बोलले. आयुष्यभर मी हेच केलं आहे, जड झालं की कामाचं बोलायचं. मी म्हटलं, "बरं, समज तुला बरं वाटलं. कळणार कसं, कशाने वाटलं ते?"

त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर कारखान्यातला जुना भाव आला. "हा मुद्दा बरोबर आहे," तो म्हणाला. "एका वेळी एकच बदल. नाहीतर मीटरवरच्या वाचनाला अर्थ नाही."

त्याप्रमाणे ठरलं. आधी थायमसचं खोकं, तीस दिवस. मग यकृताचं, तीस दिवस. मग प्रयोगशाळेतलं. तीन महिने, तीन वाचनं. एक वही. खाली मी सही केली, तयार करणार. त्याने केली, तपासणार. मला वाटलं, माझ्या प्रश्नाचं उत्तर झालं.

मधेच एकदा जाऊन डॉक्टरांना आम्ही विचारलं. लपवलं नाही, हे मला नोंदवून ठेवायचं आहे. त्यांनी खोकी उलटसुलट करून पाहिली, अक्षरं वाचता येत नव्हती तरी.

"मला ह्याची माहिती नाही. कुणी नीट तपासून छापलेलं माझ्या वाचनात आलं नाही. इम्युनिटीला, लिव्हरला उपयोग होतो असं मी म्हणणार नाही. विचाराल तर नको म्हणेन." मग ते नवऱ्याकडे बघत राहिले. "तुम्ही ऐकणार नाही, ठाऊक आहे मला. म्हणून इतकंच. माझी गोळी सोडायची नाही. सरी?"

"सरी," नवरा म्हणाला. ठीक आहे. त्याला येणाऱ्या थोड्याशा तमिळ शब्दांपैकी तो एक होता.

पहिलं खोकं सुरू झालं. आठवडाभरात फरक दिसू लागला. मी बनवून सांगत नाही, दिसला. तो सकाळी आपणहून उठला. हात गार लागेनात. दहाव्या दिवशी स्टेशनचा पूल त्याने न थांबता चढला आणि वर उभा राहून मला म्हणाला, "चला बाई, म्हातारपण तुम्हाला आलंय." संध्याकाळी बूट काढून जागेवर ठेवायला लागला. दोनदा भात मागून घेतला. एका शनिवारी आम्ही मैलापूरला गेलो, डॉक्टरांकडे नाही, नुसतेच, देवळाच्या तळ्याच्या कडेने फिरलो, दुकानात पितळी दिवे बघितले आणि घेतले नाहीत. बऱ्याच वर्षांनी आम्ही कुठेतरी नुसतेच गेलो होतो.

वहीत तो रोज नोंदी करायचा. वजन, भूक, झोप, नाडी. रविवारी त्या मी चांगल्या अक्षरात उतरवून काढायचे. नाडी आधी अठ्ठावन्न असायची. ती सत्तर झाली, मग अठ्ठ्याहत्तर. मी विचारलंही, "नाडी वाढलीय का रे?"

"इंजिन सुरू झालंय," तो म्हणाला.

मी ते आकडे उतरवले. ते आकडे काय म्हणत होते, ते मला वाचता आलं नाही. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, गोळी नाडी हळू करते. मी तेव्हा तिथेच बसले होते.

तीस दिवस संपले. दुसऱ्या खोक्याच्या चौथ्या दिवशी मैलापूरची तारीख होती. तो म्हणाला, पुढे ढकल, चाचणी चालू असताना मशीन उघडायचं नसतं. मी फोन केला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, तब्येत कशी आहे? मी म्हटलं, छान आहे, खूप दिवसांनी छान आहे.

कारखान्यात रशियन त्याला बघून दोन्ही हात पसरायचा. "याला सांग, मी म्हटलं होतं ना?"

"त्याला सांग, अजून दोन वाचनं बाकी आहेत. आत्ताच सही देणार नाही."

दुसऱ्या खोक्याच्या बाराव्या दिवशी तो गुरुवार आला.

पुढचे दिवस मी लिहीत नाही. रशियन भेटायला आला तेव्हा दारातच उभा राहिला. आमच्यामध्ये नेहमी तिसरं माणूस असायचं, ज्याच्यासाठी मी बोलत असे. आता नव्हतं. मग त्याने विचारलं, "माझ्यामुळे?"

"नाही," मी म्हटलं. तेव्हा ते मी नुसतं धीर द्यायला म्हटलं होतं.

तेराव्यानंतर सासूबाई साताऱ्याला परत गेल्या आणि मी घर आवरायला काढलं. त्याच्या हत्यारांच्या फळीवर, पान्यांच्या मागे, हिंगाची एक रिकामी डबी होती. हलवली तर वाजली. तिला दोऱ्याने एक लेबल बांधलेलं होतं. कारखान्यात चाचणीसाठी एखादा भाग यंत्रातून काढला की त्याला असं लेबल बांधून ठेवतात, म्हणजे तो हरवत नाही आणि काम झालं की जागेवर जातो. लेबलवर त्याचं अक्षर होतं. काढून ठेवलेला भाग. चाचणी संपल्यावर पुन्हा बसवणे. खाली तारीख, पहिलं खोकं सुरू केल्याची. आणि सही.

आत डॉक्टरांच्या गोळ्या होत्या. दर रविवारी आठवड्याच्या गोळ्या मी सात कप्प्यांच्या डबीत भरून ठेवायचे. त्यातून तो रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक उचलायचा आणि इथे आणून टाकायचा. मी जमिनीवर बसून मोजल्या. ब्याऐंशी भरल्या. एक्केचाळीस दिवसांच्या. बेचाळिसाव्या दिवसाची सकाळची गोळी कप्प्यातच होती.

माझ्या प्रश्नाला त्याने उत्तर दिलं होतं. कळणार कसं, कशाने वाटलं ते? दोन औषधं एकत्र चालू ठेवली तर कळणार नाही. म्हणून एक काढून ठेवायचं.

मी डबी आणि वही घेऊन मैलापूरला गेले. एकटीने ती गाडी पहिल्यांदाच. डॉक्टरांनी लेबल दोनदा वाचलं. देवनागरी ते सावकाश वाचत.

मी विचारलं, "गोळी चालू असती तर?"

"तर झालंच नसतं, असं मी सांगू शकत नाही. गोळी घेऊनही काहींना होतं." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "पण गोळी होती तोवर दोन वर्षं झालं नव्हतं. हे दोन्ही खरं आहे. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला एकच सांगून पाठवणं बरोबर नाही."

"आणि त्याला बरं वाटत होतं ते? पूल चढला तो. मी डोळ्यांनी बघितलं."

त्यांनी वही उघडली आणि नाडीच्या रकान्यावरून बोट खाली नेलं. "माझी गोळी माणसाला थकवते अम्मा. बंद केली की हलकं वाटतं, हात गरम होतात, नाडी वर येते. ते बरं वाटणं बहुतेक ह्याचंच. कॅप्सूलने काही केलं की काहीच केलं नाही, ते ह्या वहीतून मला नाही सांगता येणार. कुणालाच नाही येणार." मग ते म्हणाले, "थकवा येतो म्हणून मला सांगितलं असतं तर मी मात्रा कमी करून बघितली असती. दुर्बीण घालून बांधताही येतात त्या शिरा. मला बोललेच नाहीत."

मलाही बोलला नव्हता. मीही विचारलं नव्हतं. बूट काढायला वाकत होते, एवढंच.

निघताना ते दारापर्यंत आले. म्हणाले, "तुमचा प्रश्न चुकीचा नव्हता हं. आम्हीही तोच विचारतो. फक्त एका माणसावर नाही विचारायचा, आणि त्याची गोळी काढून तर नाहीच."

परतीच्या गाडीत मी तक्ता काढून बघितला. प्रतिकारशक्तीचं खोकं, यकृताचं खोकं, प्रयोगशाळेतलं खोकं. नावं, मात्रा, दिवस, सगळं स्वच्छ अक्षरात. शेवटचा रकाना तिन्हींपुढे कोरा. त्याने एकाच दिवशी दोन बदल केले होते, म्हणून त्या रकान्यात भरण्यासारखं काहीच मिळालं नाही. खाली दोन सह्या, माझी पहिली.

रशियनची मुदत संपली तेव्हा तो निरोप घ्यायला आला. त्याला मी सगळं सांगितलं, त्याच्याच भाषेत, एकही शब्द न गाळता. तो बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "तो कधीच अर्धवट तपासणीवर सही करत नसे." मी हो म्हटलं. त्याच्या कॅप्सूलचा यात दोष नाही हेही सांगितलं. गुणही दिसला नाही, हे सांगायची गरज पडली नाही.

क्वार्टर सोडावं लागलं नाही, कारण माझी नोकरी होती. मी अजून भाषांतरं करते. पत्रकात लिहिलेलं असतं तेच लिहिते. हल्ली मात्र पान संपल्यावर थांबते आणि काय लिहिलेलं नाही ते समासात पेन्सिलीने नोंदते. साहेबांना ते आवडत नाही. नवीन मुली ते खोडून टाइप करतात.

हत्यारांच्या फळीवर आता एक न उघडलेलं खोकं आहे, दुसऱ्या खोक्यात अडतीस कॅप्सूल उरल्या आहेत, आणि हिंगाच्या डबीत ब्याऐंशी गोळ्या आहेत. त्यांची मुदत संपली आहे. लेबल बांधलेलं आहे.